लाइटवाला लोटन

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळसुद्धा नाही, आणि तिला माझं बाकी सगळं माहीत आहे. मानपत्रातली विशेषणं मला आंघोळ करताना सुचतात, इथपर्यंत. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही बहुधा लिंबायतचे नसाल. असलात तर इथेच थांबा — नाही, थांबू नका. खरं म्हणजे तुम्हीच वाचायला हवं.

सुरतमधल्या लिंबायतच्या कुठल्याही चहाच्या लारीवर लोटनचं नाव काढा. चहावाला गाळणी बाजूला ठेवेल आणि सांगेल, "लाइटवाला लोटन ना? त्यानं गिटार वाजवली आणि ट्रान्सफॉर्मर जळून खाक झाला." शेजारी बसलेला म्हणेल, "एक नाही, दोन." तिसरा म्हणेल की त्या दिवशी तो स्वतः तिथे होता आणि ठिणग्या त्याच्या शर्टावर पडल्या. हा तिसरा माणूस त्या दिवशी धुळ्याला सासुरवाडीला होता, हे मला माहीत आहे. पण मी कधी काही बोलत नाही. कसा बोलणार? त्या गोष्टीत मीच एक असा आहे, ज्याने तोंड उघडलं तर गोष्टच उरत नाही.

पण आधी मी कोण, ते सांगायला हवं. नव्वदीच्या सुरुवातीला मी दिवसा कापड मार्केटमध्ये बिलं लिहायचो आणि संध्याकाळी एका ऑर्केस्ट्राचे कार्यक्रम लावायचो. सुपाऱ्या घेणं, टेम्पो ठरवणं, गायिकेला वेळेवर घरी पोचवणं आणि स्टेजवर निवेदन करणं. मला सगळे मास्तर म्हणत. मी कुणाला कधी काही शिकवलेलं नाही. घरी अहिराणी आणि माइकवर पुस्तकी मराठी बोलणाऱ्या माणसाला आमच्या वस्तीत दुसरं काय म्हणणार? वाचन बरं होतं. बऱ्या वाचनाचा एक तोटा असतो — आपल्याला सगळ्यांच्या थाटामाटाचं हसू येतं, फक्त आपल्या सोडून.

सत्काराची पद्धत तुम्ही पाहिली असेलच. प्रमुख पाहुणा वेळेवर येत नाही. वेळेवर आला तर तो प्रमुख कसला? तो येईपर्यंत कलाकारांनी वेळ भरून काढायचा आणि तो आला की जे चाललं असेल ते जागच्या जागी थांबवायचं. आमची गायिका एकदा 'साजणा' म्हणता म्हणता 'सा'वर थांबली होती. सत्कार संपल्यावर पुढचं 'जणा' म्हणून तिने गाणं पुरं केलं, आणि कुणाला काही खटकलं नाही. शाल पांघरली जाते — ती शाल पुढच्या कार्यक्रमाला पुन्हा लागते, म्हणून मंडळाचा एक माणूस ती नंतर हळूच उतरवून घेतो. मग श्रीफळ, मग हार, मग मानपत्राचं वाचन.

मी टपरीवर या सगळ्याची यथेच्छ टिंगल करायचो. आणि ती मानपत्रं मीच लिहायचो. लिंबायतपासून गोडादऱ्यापर्यंत ज्याच्या ज्याच्या घरी भिंतीवर चौकटीत 'समाजभूषण' टांगलेलं आहे, ते बहुतेक माझं आहे. हसत हसत लिहायचो, असं मी स्वतःला सांगत असे. पण माइकसमोर ते वाचताना — आवाज थोडा खाली नेऊन, 'कर्तृत्वा'वर एक क्षण थांबून — तेव्हा मी हसत नसायचो. तेव्हा मला वाटायचं, माणसं शांत बसली आहेत ती माझ्यासाठी.

आता लोटन.

लोटन सांचे चालवायचा. आमच्याकडे मागाला सांचा म्हणतात आणि सांच्यांच्या कारखान्याला खातं. शिरपूरकडच्या एका खेड्यातून तो मायसोबत सुरतला आला, तेव्हा त्याला मिसरूडही नव्हतं. पुढे दमणच्या एका हॉटेलात वाजवणाऱ्या म्हाताऱ्याकडून त्याने जुनी इलेक्ट्रिक गिटार मिळवली, आणि तिच्याबरोबर परदेशी रॉकच्या काही कॅसेटी. त्यातला एक शब्दही त्याला कळत नव्हता. मला थोडे कळत होते, म्हणून तो मला अर्थ विचारायचा. मी सांगितला की निराश व्हायचा. "एवढंच? एवढ्यासाठी एवढा आरडतो व्हय तो?" नंतर त्याने विचारणं सोडून दिलं. केस मात्र खांद्यापर्यंत वाढवले. खात्यात ते सांच्यात अडकू नयेत म्हणून मायच्या जुन्या लुगड्याची पट्टी डोक्याला बांधायचा. परदेशातही तसंच बांधतात, हे त्याला पुढे एका पोस्टरवरून कळलं. त्या दिवशी तो इतका खूश होता, की मला दोनदा चहा पाजला.

आमच्या ऑर्केस्ट्रात तो सिनेमाची गाणी वाजवायचा आणि नवरात्रात गरबा. टेम्पोत स्पीकरच्या खोक्यांवर बसून आम्ही सुरतभर फिरलो. त्याच्या डब्यातली कळण्याची भाकरी मी खायचो, माझ्या पुस्तकांच्या गप्पा तो ऐकायचा. या व्यवहारात कोण फायद्यात होतं, ते सांगायला नको. माझा तो मित्र होता. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुम्हाला तसं वाटणार नाही.

एकदा तो टेम्पोत म्हणाला, "मास्तर, आपल्या लोकांना आपला ऑर्केस्ट्रा आवडत नाही, कारण त्यांना तो ऐकूच येत नाही."

मी हसलो. पण ते खरं होतं. दिवसभर शेकडो सांच्यांच्या खडखडाटात उभ्या राहणाऱ्या माणसाचे कान निराळे होतात. आमच्या गल्लीत रात्रीच्या जेवणाला कुणी ओरडलं तर भांडण समजू नये. तो मीठ मागत असतो. या माणसांसमोर आम्ही बासरी वाजवायचो आणि ते सभ्यपणे बसून राहायचे, जसं परक्या भाषेतलं भाषण ऐकावं तसं. लोटनने ठरवलं की यांना ऐकू येईल असं गाणं करायचं. अहिराणीत. ठेका सांच्याचा — खटाक-खट, खटाक-खट — आणि त्यावर गिटार, पूर्ण आवाजात. गाण्यात एक सांचेवाला आपल्या सांच्याशी भांडतो. पहिला भाग सगळ्यांनी मिळून वाजवायचा. शेवटचा भाग मात्र फक्त गिटारचा आणि त्याच्या एकट्याच्या आवाजाचा. तो मायसाठी आहे, एवढंच तो म्हणायचा. मायला तो ऐकवत नव्हता. "स्टेजवरच आयकजो," असं तिला सांगून ठेवलं होतं. ढोलकवाल्याला आणि कीबोर्डवाल्यालाही तो माहीत नव्हता. "तुम्ही फक्त थांबा," एवढंच त्यांना ठाऊक.

कानबाईचा उत्सव तुमच्याकडे असतो की नाही, कोण जाणे. खानदेशी माणूस कुठेही गेला तरी श्रावणातल्या एका रविवारी नारळाला नथ-दागिने घालून कानबाई बसवतो, रोट करतो, जागरण करतो आणि सोमवारी तिला वाजतगाजत बोळवतो. त्या वर्षी विसर्जनानंतर संध्याकाळी मंडळाने आमचा कार्यक्रम ठेवला. सोमवार त्या भागातल्या खात्यांचा सुट्टीचा वार, आणि ते गरजेचंच होतं. कारण स्टेजला वीज मिळायची ती शेजारच्या खात्यातून. सांचे बंद असले तरच ती लाइन आम्हाला मोकळी. खात्याच्या भिंतीवर मोठा मेन स्विच, हाताएवढ्या दांड्याचा, आणि तिथून जाड वायर थेट स्टेजवर. दुसऱ्या भागातल्या खात्यांच्या रातपाळीवाल्यांनाही पाहता यावं म्हणून कार्यक्रम उजेडातच सुरू केला.

प्रमुख पाहुणे होते एक सुताचे व्यापारी. त्यांना सगळे शेठ म्हणत. त्यांच्यासाठी मी जे मानपत्र लिहिलं होतं, ते — आज हे लिहितानाही हात थोडा ताठ होतो — माझं सर्वोत्तम होतं. 'आपल्या कर्तृत्वाच्या कल्पतरूतळी अवघी श्रमिकनगरी विसावली आहे.' शेठच्या अंगणात एकच लिंब होता आणि तो त्यांनी गाडी लावायला अडचण होते म्हणून तोडला होता. शिवाय शेठ सुरतचे गुजराती. मराठी त्यांना भाजी घेण्यापुरतं येत होतं. पण मानपत्र पाहुण्यासाठी लिहितात, असं तुम्हाला वाटतं का?

शेठ यायला उशीर झाला. वेळ भरून काढायला मी लोटनला सोडलं. हो, मीच. म्हणालो, "तुझं ते नवं होऊन जाऊ दे."

त्याने सुरुवात केली. पहिला स्वर निघाला तेव्हा मागच्या भिंतीवरची कबुतरं उडाली आणि पुढच्या रांगेतली माणसं — कसं सांगू — जागी झाली. वर्षानुवर्षं दाराशी उभ्या असलेल्या माणसाला कुणी नावाने हाक मारावी, तशी. त्यांना ऐकू येत होतं! ठेका त्यांच्या हातात होताच. सांच्याजवळ उभं राहून हलतात तशीच ती जागच्या जागी हलायला लागली, सगळी एका तालात. एक म्हातारा तर हवेतल्या हवेत तुटलेला धागा जोडत होता. बायकांच्या बाजूला लोटनची माय बसली होती, मांडीवर विसर्जनाहून आणलेला प्रसाद. ती हलत नव्हती. शेवटच्या भागाची वाट पाहत होती.

आणि शेठ आले.

आता मी जे केलं, त्याच्या तीन गोष्टी आहेत. पहिली मी बरीच वर्षं स्वतःला सांगितली. ती अशी, की मंडळाचे अध्यक्ष, आप्पा, यांनी मला थांबवायची खूण केली. खूण केली होती, यात शंका नाही. मी विंगेतून लोटनला हात केले. त्याचे डोळे मिटलेले. पुढे जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, तर सगळं लिंबायत मला खाऊन टाकेल. मग काय करणार? अध्यक्षांची आज्ञा. मी साधा निवेदक.

दुसरी गोष्ट अशी की कार्यक्रम माझ्या जबाबदारीवर होता, पाहुणा नाराज झाला असता तर पुढच्या सुपाऱ्या गेल्या असत्या, माणसांची पोटं होती. ही गोष्ट पहिलीपेक्षा भारदस्त आहे. हिच्यात पोटं आहेत.

पण शेठ नाराज नव्हते हो. शेठ खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत होते. आप्पांच्या कानाशी लागून पण ओरडूनच ते म्हणाले, "वगाडवा दो ने! मजा आवे छे!" आणि आप्पा धावत माझ्याकडे आले.

"मास्तर, चालू दे त्याचं. शेठले आवडी ऱ्हायनं. तुमचा सत्कार-बित्कार मंग करू." जाता जाता वळून म्हणाले, "नाहीतर राहूच द्या तो कागद. घरी पाठवी दिऊत."

तो कागद!

आप्पा गेले. मी खात्याच्या भिंतीकडे गेलो. मेन स्विचपाशी बसवलेला वायरमन केव्हाच गर्दीत जाऊन नाचत होता. मी दांडा धरला आणि खाली ओढला.

झालं. इतकंच आहे. लाइट गेली नव्हती. मी घालवली.

कुणी सांगितलं म्हणून नाही, कुणाच्या पोटासाठी नाही. माणसं माझ्या मित्राचं ऐकत होती आणि थोड्या वेळाने माझं ऐकणार होती, ती आता ऐकणार नव्हती, म्हणून. मला ते सहन झालं नाही. मनात असं होतं की पाच मिनिटं थांबेल, पुन्हा दांडा वर करू, मग मी आधी. 'सत्कारानंतर गाणं पुढे चालू राहील,' हे वाक्यसुद्धा तयार होतं.

पण पुढे जे झालं ते शहाण्या माणसाने केलेल्या मूर्खपणाला शोभेसंच झालं. मी हे विसरलो होतो, की समोर बसलेला प्रत्येक माणूस दिवसातून चार वेळा लाइट गेलेली पाहणारा होता. लाइट गेली की काय करायचं, हे त्यांना झोपेत येतं. वीस-पंचवीस जण एकदम मेन स्विचकडेच निघाले. दांडा खाली. मी शेजारी. दांडा वर करावा, तर गाणं चालू. करू नये, तर मी पकडलेला. मग मी आयुष्यात एकदाच काहीतरी झटपट केलं — आतला फ्यूज उपसून झब्ब्याच्या खिशात टाकला आणि दांडा वर केला. चिनी मातीचा तो तुकडा गरम होता. खिशात मानपत्रही होतं. ती दोघं तिथे एकमेकांना टेकून होती.

पहिला माणूस पोचला. दांडा वर पाहून त्याने तिथेच निदान केलं, "वरूनच गेली." फ्यूज कुणी उघडून पाहणार, तोच पावसाळ्यात रोज जायची तशी समोरच्या गल्लीची लाइट खरोखरच गेली. मग तिच्या पलीकडची. आमचं खातंही त्याच लाइनवर होतं. आता सांगा, यापुढे देवावर विश्वास ठेवायचा की नाही? देव खोट्या माणसाला इतकी मदत करत असेल, तर तो आहे असं म्हणावं लागतं, पण मग पुढचे प्रश्न फार होतात. सगळे त्या गल्लीकडे बघत असताना मी फ्यूज जागेवर बसवला. पुरावा संपला.

खात्यातल्या सांच्यांची दुरुस्ती करणारा एक मिस्त्री होता. त्याचं बोलणं आमच्याकडे शेवटचं मानतात. त्याने स्टेजकडे पाहिलं, गल्लीकडे पाहिलं, लोटनच्या गिटारकडे पाहिलं आणि म्हणाला, "लोड खेचला हिनं."

बस. तिथे ती गोष्ट जन्मली.

मानपत्राचं म्हणाल तर मी ते वाचलं. माइकशिवाय. सांचेवाल्यांसमोर! 'कल्पतरू' पहिल्या रांगेतसुद्धा पोचला नाही. एकाने मला ओरडून विचारलं की लाइट केव्हा येणार, तेच सांगताय ना? शेठ तोवर निघून गेले होते. मग पाऊस आला, माणसं पांगली, रातपाळीवाले कामाला गेले. लाइट आली तेव्हा मैदानात फक्त आम्ही आणि ओल्या खुर्च्या.

लोटन रडकुंडीला आला असेल, असं वाटतं ना? तो हसत होता. खोक्यावर बसून गिटार पुसत होता आणि हसत होता. "मास्तर, मिस्त्री काय म्हने, आयकं का? लोड खेचला!" मी म्हणालो, "ऐकलं." तेव्हाच सांगायला हवं होतं. तेव्हा सांगितलं असतं, तर त्याने मला दोन ठेवून दिल्या असत्या आणि पुढच्या सोमवारी गाणं पुरं केलं असतं. मी काय म्हणालो? म्हणालो, "अशी वीज खेचणारा वादक मी पाहिला नाही." खोटं बोलतानाही मला जरा शैली लागते.

दिवाळीपर्यंत ट्रान्सफॉर्मर जळाला. होळीपर्यंत दुसरा. लोटन 'लाइटवाला लोटन' झाला आणि आमच्या ऑर्केस्ट्राला त्याच्या नावावर सुपाऱ्या येऊ लागल्या. प्रत्येक कार्यक्रमात मी आवाज खाली नेऊन त्याची ओळख करून द्यायचो, "ज्यांच्या एका झंकाराने अवघी श्रमिकनगरी अंधारली..." कल्पतरू वाया गेला होता, निदान श्रमिकनगरी उपयोगी पडली.

पण एक गोष्ट मी हिशेबात धरली नव्हती. लोकांना लोटन हवा होता. त्याचं ते गाणं नको होतं. मंडपवाले येऊन आधीच हात जोडायचे, "लोटनभाई, पेलुं लाइटवाळुं नहीं वगाडता, हं? आपणो प्रोग्राम बगडशे." ते लाइटवालं तेवढं वाजवू नका. आणि लोटन मोठ्या मनाने मान डोलवायचा. पैलवानाने पोरांशी खेळताना हात राखून धरावा, तसा तो आयुष्यभर हात राखून वाजवत राहिला. गरबा, सिनेमाची गाणी, लग्नाची वरात. त्याचा स्वतःवर इतका विश्वास बसला होता, की घरीही ते गाणं वाजवेना. मायने म्हटलं तर सांगायचा, "घरमा नको माय, शेजारीपाजारीनी लाइट जाई." वायर न लावता हळू वाजव म्हटलं तर म्हणायचा की ते मग गाणं राहत नाही. आणि माय शेजारणींना अभिमानाने सांगायची की पोरगा घरात वाजवत नाही, लोकांची काळजी करतो.

मी हे ऐकायचो. तिच्या हातचा चहा पीत ऐकायचो.

एकदा त्याने जनरेटरवाला गाठला. मोठा डिझेल जनरेटर, लग्नाच्या हॉलसाठी लागतो तसला. दोघं माझ्याकडे आले. लोटनच्या चेहऱ्यावर पोराच्या चेहऱ्यावर असतं तसलं काहीतरी. जनरेटरवाल्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "मास्तर, तमे तो त्यां हता. साचुं छे?" म्हणजे, तुम्ही तर तिथे होता, खरं आहे का ते? एक 'नाही' बोलायचं होतं. पण 'नाही' म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता — मग लाइट कशाने गेली? मी म्हणालो, "हा. साचुं छे." त्याने आपला जनरेटर प्रेमाने आठवला असणार. नकार दिला. लोटन परत जाताना माझी समजूत घालत होता. माझी! म्हणाला, "जाऊ दे मास्तर, मोठ्ठी पॉवर कुठंतरी असंलच."

म्हणजे पहिल्या वेळी मी एक संध्याकाळ घेतली होती. या वेळी सगळ्याच घेतल्या.

नव्वदीचं दशक संपत आलं तेव्हा त्याला कावीळ झाली. आधी अंगावर काढली, मग गावठी औषध, मग सरकारी दवाखाना — क्रम तुम्हाला माहीत आहे. मी दुपारी भेटायला गेलो. अंगाचा रंग हळदीसारखा, केस उशीवर पसरलेले. तशाही स्थितीत तो शेजारच्या खाटेवरच्या माणसाला ट्रान्सफॉर्मरचं सांगत होता. मला पाहून म्हणाला, "हाई देख, साक्षीदार उना." मग जवळ बसवलं, हात धरला आणि आवाज खाली आणला.

"मास्तर, एक खरं सांगशी का?"

मला वाटलं, याला माहीत आहे. याला पहिल्यापासून माहीत होतं. आणि विश्वास ठेवा, मला बरं वाटलं. आता तो म्हणेल आणि मी फक्त मान हलवायची.

"गोडादरानी बी लाइट गयी व्हती ना?"

मी म्हणालो, "गोडादरा काय लिसन बठना? कोसाडपावत गयी व्हती."

"कोसाड?" तो उठून बसायला लागला. "कोसाड त तापीना पल्याड शे!"

"तरी बी."

तो हसला. खोकला येईपर्यंत हसला. शेजारच्या खाटेवरचाही हसला. नर्सने येऊन मला बाहेर काढलं. लोटनशी माझं शेवटचं बोलणं ते.

शोकसभा मोठी झाली. भाषण माझंच होतं, आणि उत्तम झालं, आप्पा रडले. मी कोसाडही घेतलं त्यात.

मला वाटलं होतं, इथवर सांगितलं की संपेल. पण राहिलंय. तेराव्यानंतर मी मायकडे गेलो. ती पोळपाटाशी बसली होती. म्हणाली, "भाऊ, तो म्हने, मास्तरले मी पुरं गानं आयकाडेल शे. तू आयकेल शे ना?"

हे खरं होतं. त्या कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात, गच्चीवर, वायर न लावता त्याने ते मला शेवटपर्यंत गाऊन दाखवलं होतं. "पुन्हा असं हळू वाजवणार नाही," म्हणाला होता. फक्त मला. आणि मी समोर बसून 'कल्पतरू'च्या आधी 'विशाल' लावावं की 'अक्षय', याचा विचार करत होतो. गाणं संपलं तेव्हा मी "वा!" म्हणालो. त्यातला एक शब्द, एक सूर मला आठवत नाही. विसरलो म्हणून नाही. ऐकलंच नव्हतं.

"हो माय, ऐकलंय," मी म्हणालो.

"मंग म्हनी दाखाड ना. शेवटलं. थोडंसं."

तिने लाटणं बाजूला ठेवलं होतं. जगात ते गाणं माहीत असलेला मी एकटा आहे, असं तिला वाटत होतं. मी काय करायला हवं होतं, ते तुम्हाला कळतं, मलाही कळत होतं.

मी गायलो. जे तोंडाला आलं ते. माझा आवाज गाण्याचा नाही, चालही धड नव्हती, अर्धी आरतीसारखी आणि अर्धी गरब्यासारखी. चार ओळी रचल्या — सांचा थांबला, माय, आता तुझी हाक ऐकू येते, अशा काहीतरी. ती डोळे मिटून ऐकत होती. मी थांबलो तर म्हणाली, "आखो एकदाव." मी पुन्हा गायलो. दुसऱ्या वेळी तिने सूर धरला.

ती आता ते रोज म्हणते. भाकरी थापताना म्हणते. तिच्याकडून शेजारणींनी घेतलं. गेल्या कानबाईला जागरणात बायकांनी ते फेर धरून म्हटलं, लोटनचं म्हणून. आयुष्यभर मी जे लिहिलं, त्यातलं लोकांनी पाठ केलेलं हे एवढंच आहे. मी मंडपाच्या कडेला उभा होतो. एका बाईने मला ओळखून पुढे बोलावलं. म्हणाली, "मास्तर, तुम्ही त्यांचे दोस्त ना? हे असंच होतं ना हो?"

मी म्हणालो, असंच होतं.